पुजलेल्या बगळ्याची नोंदणी

एका माणसाला रडवायचं म्हणून मी चव्वेचाळिसाव्या वर्षी एलएल.एम.ला प्रवेश घेतला. तो माणूस आजही माझ्या शेजारच्याच गाळ्यात बसतो आणि अजून रडलेला नाही.

एलएल.बी. मी त्याआधीच केलं होतं, तेही रागातच. वसई पूर्वेला गाळा घेतला तेव्हा बिल्डरने कागदावर दिलेली लांबी जमिनीवर दिली नव्हती. वकिलाकडे गेलो तर त्याने माझीच उलटतपासणी घेतली. म्हटलं, याच्यापुढे मान खाली घालण्यापेक्षा आपणच वकील होऊ. सकाळी कॉलेज, दुपारपासून लेथ. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीच बिल्डर वैतागला आणि त्याने गाळ्यावर पोटमाळा बांधून दिला. तिसरं वर्ष मी फी भरली होती म्हणून पूर्ण केलं.

मी मूळचा विरारजवळच्या चांदीपचा. घरी भातशेती, त्यामुळे बगळे मी माणसांपेक्षा जास्त पाहिलेले. पुढे विरारच्या फुलपाड्यात दोन खोल्या घेतल्या. लेथ चालवणाऱ्या टर्नरचा मालक झालो आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू बनवायला लागलो. त्या काळात विरारला, नायगावला इमारतींवर इमारती उठत होत्या. घराघरात ओटे आले आणि बायका उभ्याने स्वयंपाक करू लागल्या. पण विळी अजून जमिनीवरच होती. नारळ आला की फ्लॅटमधली बाई खाली बसायची, आणि उठताना विळी करणाऱ्याला, म्हणजे मला, नाही तर बिल्डरला शिव्या द्यायची. म्हणून मी ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची विळी केली.

ती साधी विळी कुणी हातात धरेना. मग एकदा चांदीपला बांधावर उभा असताना एक बगळा मान आखडून बसलेला दिसला, आणि मला माझी विळी दिसली. पातं म्हणजे मान, नारळ खवायचं दातेरी फूल म्हणजे तुरा, ओट्याला धरणारा शिकंजा म्हणजे पाय. घडी घातली की पक्षी मान आखडून बसल्यासारखा. पहिला नमुना हाती आला तेव्हा मीच त्याच्याकडे इतका वेळ पाहत बसलो की बायकोने विचारलं, "आता त्याला दाणे घालू का?"

असा आकार आपल्या नावावर नोंदवता येतो, हे मला ठाऊक होतं. मुंबईत एक एजंट गाठला. तो म्हणाला, "आधी अर्ज, मग बाकी सगळं." हे वाक्य त्याने फीचा आकडा सांगण्याआधी सांगितलं असतं तर माझ्या लक्षात राहिलं असतं. आकडा ऐकल्यावर मी उठून दारापर्यंत गेलो, परत आलो, परत उठलो. श्रावणात सुरू झालेली ती घासाघीस दिवाळी उलटली तरी चालली होती. शेवटी तो उतरला. मला वाटलं, मी जिंकलो.

या घासाघिशीच्या मधोमध खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. गाळ्यातली मशिनं धुवायची, लेथला कुंकू लावायचं, दाराला झेंडूचं तोरण. नवं हत्यार असेल तर ते पाटावर. पुजल्याशिवाय त्याने काम सुरू करायचं नाही आणि त्याच्या नावाचा कागदही हलवायचा नाही, हा आईचा कायदा. ती चांदीपहून भाताच्या लोंब्या घेऊन आली होती. मी तिला म्हटलं, "आई, या वेळी दार लावून पुजू. नवीन वस्तू आहे, कुणाला दाखवायची नाही."

"देवाला दाखवायची नि मानसांना नाय? चोरीची हाय का?"

"चोरीची नाही, पण चोरतील."

"मंग दार उघडाच ठेव. सगल्यांनी बघितला तर चोरनारा लाजंल."

मी लावायला घेतलेलं दार सोडून दिलं. आज मी त्या उघड्या दारावर चाळीस पानं लिहिली आहेत, पण आईपुढे तेव्हाही टिकलो नसतो आणि आताही टिकणार नाही. दार सताड उघडं राहिलं. गल्लीतले सगळे गाळेवाले पेढे खाऊन गेले. आईने विळीच्या मानेला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "बगलाच दिसतो, मेला!" नाव तिथेच पडलं. दुबईहून आलेल्या मेव्हण्याने नव्या कॅमेऱ्याने फोटो काढला. मधे पाटावर बगळा, डावीकडे आई, कुंकवाचं बोट पुढे केलेली. उजवीकडे शेजारचा गाळेवाला, तोंडात अख्खा पेढा, आणि डोळे बगळ्यावर असे लावलेले की जणू माप घेतोय.

अर्ज त्यानंतर गेला. काही महिन्यांनी कलकत्त्याच्या डिझाइन कार्यालयातून नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. मी ते फ्रेम करून गाळ्यात लावलं. पुढच्या वर्षी आई गेली. तो तिचा शेवटचा चांगला फोटो, म्हणून त्याचीही फ्रेम केली आणि प्रमाणपत्राच्या शेजारीच टांगली. पुढे जे झालं ते पाहता कोणत्याही वकिलाने याहून वाईट जागा निवडली नसती.

शेजारी तोवर झारे आणि पळ्या बनवायचा. आम्ही दोघे एकाच कारखान्यात टर्नर होतो, एकाच डब्यातून जेवलेलो. एके दिवशी विरारच्या डोंगराखालच्या जत्रेत भांड्यांच्या एका ठेल्यावर मला माझा बगळा दिसला. फक्त लाल. माझा पांढरा, हा लाल. लाल बगळा कुणी पाहिलाय? मी ठेलेवाल्याला विचारलं तेव्हा त्याने बिनदिक्कत माझ्या शेजाऱ्याचं नाव सांगितलं आणि वर म्हणाला, "दोन घेतले तर कमी करतो." माझ्याच वस्तूचा भाव मी करावा! केला. दोन घेतले. पुरावा म्हणून.

ते दोन्ही मी शेजाऱ्याच्या टेबलावर आपटले.

"हे काय आहे?"

"विळी," तो म्हणाला. "चहा घेणार?"

"हा माझा बगळा आहे!"

"अरे, बगळा देवाने केला. तू फक्त त्याला धार लावलीस."

त्यानंतर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गल्लीतल्या वेल्डरने मशीन बंद करून ऐकलं, एवढं सांगतो. मी नोटीस पाठवली. त्याने उलट कलकत्त्याला अर्ज टाकला, की या माणसाची नोंदणीच रद्द करा, हा आकार आधीपासून लोकांना माहीत होता. त्याच्या वकिलाने छापील वाक्य ठोकून दिलं होतं. पुरावा म्हणून चिमूटभरही काही जोडलेलं नव्हतं. मी वाचून हसलो. नोंदणी राहिली तर लाल बगळे भंगारात जाणार होते. रद्द झाली तर बगळा कुणीही करावा, हिरवा करा, निळा करा, मी बघत बसायचं. ती नोंदणी मी जिवापाड जपत होतो. आणि माझी बाजू मी स्वतःच मांडणार होतो. त्यासाठी मुंबईत संध्याकाळच्या वर्गात एलएल.एम.ला नाव घातलं. विषय: बौद्धिक संपदा.

वर्गात बहुतेकजण माझ्या निम्म्या वयाचे. तो काळ असा की कायदे आमच्या डोळ्यांदेखत बदलत होते. डिझाइनचा नवा कायदा आला, ट्रेडमार्कचा आला, गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाचा तर पहिल्यांदाच आला. सर एखादं कलम समजावून झालं की म्हणायचे, "हे तुम्ही विसरलात तरी चालेल, पुढच्या महिन्यात नवे नियम येतायत." पुस्तकं इतकी महाग की कॉपीराइटचं अख्खं पुस्तक आम्ही सगळ्यांनी मिळून झेरॉक्स करून वाचलं. त्यातलं झेरॉक्स करण्याविषयीचं प्रकरण कोपऱ्यात थोडं पुसट आलं होतं. झेरॉक्सवाल्याशी घासाघीस करण्याचं काम एकमताने माझ्याकडे होतं.

एक दिवस सरांनी हळदीची गोष्ट सांगितली. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत कुणीतरी घेतलं होतं आणि आपल्या लोकांनी ते रद्द करवलं. कशाच्या जोरावर? तर ही गोष्ट आधीच लोकांना माहीत होती. जे आधीच उघड झालं ते नवं नाही, आणि जे नवं नाही त्यावर कुणाचा हक्क नाही. मी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. बाकावर मूठही आपटली.

मग सेमिनार आला. प्रत्येकाने एक खरं प्रकरण मांडायचं, दुसऱ्याने विरुद्ध बाजू घ्यायची. मी अर्थातच बगळा घेतला. विरुद्ध बाजूला एक मुलगी, नायगावच्या एका टॉवरमध्ये राहणारी, आईवडील दोघे नोकरी करणारे. मला काका म्हणायची आणि माझ्या डब्यातली चटणी हक्काने खायची. तिच्या घरी माझाच बगळा होता. मी म्हटलं, ही पोर माझ्याविरुद्ध काय बोलणार?

मी गाळ्यातला फोटो पिशवीत घालून नेला होता. माझं ब्रह्मास्त्र. सगळं भाषण झाल्यावर तो सरांच्या टेबलावर उभा केला आणि म्हणालो, "हा पाहा चोर. माल डोळ्यांसमोर, पेढा तोंडात. याने माझा आकार पाहिला होता, याहून मोठा पुरावा काय हवा?"

वर्ग हसला. मीही हसलो. मुलगी पुढे आली, फोटो हातात घेऊन खिडकीपाशी गेली.

"काका, या कोपऱ्यात नारिंगी आकडे कसले?"

"तारीख. कॅमेराच तसा आहे, आपोआप उमटते."

"आणि तुमचा अर्ज कधीचा?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझ्या जिभेला आधी कळलं, मला मागाहून. अर्ज फोटोनंतर जवळजवळ दोन महिन्यांनी गेला होता.

"म्हणजे अर्ज करायच्या आधी तुम्ही हा आकार," ती फोटोतली माणसं बोटाने मोजू लागली, "एवढ्या लोकांना दाखवला. फोटोत न मावलेले वेगळे. मग नोंदणीच्या दिवशी तो नवा कसा?"

"ती पूजा होती!" मी ओरडलो.

"दार उघडं होतं?"

"पूजेला दार लावतात का कुणी?"

"म्हणजे उघडंच."

"विश्वासाने कुणाला दाखवलं तर ते उघड करणं धरत नाहीत," मी घाईने कलम काढलं. ते मला पाठ होतं. "हे सगळे विश्वासाचे लोक होते!"

"काका, विश्वासाचे होते तर यांना चोर का म्हणताय?"

वर्गात जो हशा झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. सर चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा पुरावा उत्तम आहे. फक्त तो समोरच्याचा आहे." मी तिच्यावर तडकलो, सरांवर तडकलो, मेव्हण्याच्या कॅमेऱ्यावर तडकलो. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बरं झालं ना, इथे कळलं? हा तुम्ही कलकत्त्याला पाठवणार होतात." पाकीट खरंच तयार होतं. नुसतं तिकीट लावायचं बाकी होतं, कारण रजिस्टरने पाठवावं की साध्या टपालाने याचा मी हिशेब करत होतो.

"मग आता काय?" मी विचारलं.

"उत्तरासोबत शपथपत्र द्यावं लागेल. अर्जाआधी हा आकार कुणालाही दाखवला नव्हता, असं. सही कराल?"

मी डबा आवरला. चटणी तिला दिली नाही.

शेजाऱ्याकडे पुरावा नव्हता. तो फोटो फक्त माझ्याकडे होता. गाळ्यात रोज त्याखाली बसून त्याने शेकडो कप चहा प्यायला होता, पण त्याला त्या आकड्यांचा अर्थ माहीत नव्हता. फोटो काढून टाकला की झालं. कपाटात ठेवला. भिंतीवर चौकोनी पांढरी जागा उरली. बाकीची भिंत धुराने पिवळी पडलेली, त्यामुळे ती जागा फोटोपेक्षा जास्त दिसायला लागली. तिच्यावर कॅलेंडर लावलं. कॅलेंडर लहान पडलं. मोठं आणलं. शपथपत्राचा कागद टेबलावर, पेनाचं टोपण काढलेलं, आणि मी तीन दिवस त्या कॅलेंडरकडे पाहत होतो. सही करायला हात उचलला की वाटायचं, कॅलेंडरच्या मागून आता आवाज येईल: चोरीची हाय का?

चौथ्या दिवशी शेजारी आला. भांडण असलं तरी त्याचं आमच्याकडे येणं थांबलं नव्हतं. त्याच्या गाळ्यात पानी नसायचं. पाणी म्हणायला पाहिजे, पण तोही माझ्यासारखाच पूर्वेकडच्या गावातला, आम्हा दोघांच्या तोंडी पानीच येतं.

"इथला फोटो कुठाय?" त्याने घागर खाली ठेवत विचारलं.

"साफ करायला काढलाय."

"तीन दिवस?"

"तुला काय करायचंय?"

"आयचा फोटो काढतोस भिंतीवरनं? नि त्या जागी सिमेंटवाल्याचा कॅलेंडर? शरम नाय वाटत? तिने त्या दिवशी स्वतःच्या हाताने पेढा घातला होता माझ्या तोंडात."

झालं. माझं डोकं फिरलं. कपाट उघडलं, फोटो काढला आणि त्याच्यापुढे आपटला. काच तडकली नाही, हे नशीब. "हा घे! बघ! डोळे भरून बघ!"

त्याने बघितलं. बराच वेळ.

"केवढा बारीक होतो रे मी!" तो म्हणाला.

माझा संताप झाला तो आजवर कशानेच झाला नसेल. माझं सगळं मोडून टाकणारी गोष्ट या माणसाच्या नाकासमोर, आणि हा स्वतःचं पोट बघतोय. अशा माणसाने माझी नक्कल केली? ज्याला आयता मिळालेला पुरावाही ओळखता येत नाही त्याने? "अरे गाढवा," मी ओरडलो, "ही तारीख बघ! अर्जाच्या आधीची आहे! हा फोटो तू कलकत्त्याला पाठवलास तर मी हरतो. कळतंय का? हरतो मी!"

वेल्डरचं मशीन पुन्हा बंद झालं.

वर्गात सर म्हणाले असते, प्रतिपक्षाला स्वतःहून सल्ला देणारा विद्यार्थी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. शेजारी खुर्चीत बसला. त्याने आकडे बोटाने पुसून पाहिले, पुसले जात नाहीत याची खात्री केली. मग म्हणाला, "म्हंजे मी जिंकलो?"

"हो."

"हा पाठवला तर."

"हो, म्हणतोय ना!"

तो आईच्या पुढे केलेल्या बोटाकडे पाहत राहिला. "हा मी कलकत्त्याला पाठवू? तिथला कोन तरी कारकून हिच्या अंगावर शिक्का मारनार." त्याने फोटो उचलला, कॅलेंडर खाली काढलं आणि फोटो खिळ्यावर परत टांगला. थोडा तिरका. "मी अर्ज मागे घेतो."

आता कुणीही शहाणा माणूस गप्प राहिला असता. मी कुणाचे उपकार घेत नाही. "फुकट नको," मी म्हणालो. "तुलाही काहीतरी मिळालं पाहिजे."

"मला काय नको."

"घ्यावंच लागेल!"

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या बाजूने घासाघीस केली. तो नको म्हणायचा, मी वाढवायचो. तासाभराने ठरलं: त्याने अर्ज मागे घ्यायचा, मी नोटीस. त्याचा बगळा लालच राहील, पण डावीकडे बघेल, म्हणजे डावखुऱ्यांसाठी. मनात म्हटलं, डावखुरे असतात कितीसे? तसं मी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. वेल्डर साक्षीदार.

विरारमध्ये इतके डावखुरे राहतात हे मला माहीत नव्हतं. काही बायका तर केवळ लाल रंगासाठी डावखुऱ्या झाल्या. माझी तक्रार आजही आहे आणि ती मी त्याला दर आठवड्याला ऐकवतो. प्रमाणपत्र भिंतीवर आहे, पण ते आतून पोकळ आहे हे मला ठाऊक आहे. पुढे भिवंडीकडच्या कुणीतरी निळा बगळा काढला, तेव्हा नोटीस लिहायला बसलो आणि समोरच्या फोटोकडे पाहून पेन ठेवलं. माझ्यासारख्या माणसाला हक्काने ओरडता येऊ नये, याहून मोठी शिक्षा कुठल्या कायद्यात असेल असं वाटत नाही.

शपथपत्राचा कोरा कागद उलटा करून त्याच्या मागच्या बाजूवर मी प्रबंधाचं पहिलं पान लिहिलं. विषय: पूजेत मांडलेली वस्तू उघड झाली असं धरावं का? चाळीस पानं झाली. धरू नये, असं मी लिहिलं. धरतात, असं सरांनी समासात लिहिलं. गुणांवरून मी त्यांच्याशी अर्धा तास घासाघीस केली. त्यांनी एकही वाढवला नाही. मुलीला माझ्यापेक्षा जास्त मिळाले. तिला नवा बगळा भेट दिला, पूर्ण किमतीचा.

त्यानंतरच्या खंडेनवमीला माझी नवी वस्तू तयार होती. काय ते अजूनही सांगत नाही. या वेळी अर्ज आधीच गेला होता. एजंटाने सांगितलेला पहिला आकडा मी मान खाली घालून दिला, तेव्हा तोच घाबरला. पाटावर वस्तू, तिच्याशेजारी अर्जाची पोचपावती, दोन्हींना हळदकुंकू. कायद्याने आता दार उघडं ठेवायला हरकत नव्हती. तरी मी आतून कडी घातली.

दारावर थाप पडली. "अरे, उघड की! पूजा हाय ना?"

"आहे."

"मंग?"

"तू माप घेशील."

"डोळे मिटून येतो."

"नको."

मग तो म्हणाला, "बरं, आयला नमस्कार सांग. नि पेढा तरी दे."

मी भिंतीकडे पाहिलं. आईचं बोट नेहमीसारखंच पुढे केलेलं होतं, त्याच्या दिशेने. मी कडी काढली, दार हाताएवढं उघडलं आणि त्या फटीतून पेढा त्याच्या तोंडात घातला. पेढा चघळत त्याने मान वाकडी करून माझ्या खांद्यावरून आत पाहिलंच.

मी दार लावलं नाही.